निवडणुकीच्या तोंडावर मुख्यमंत्री बदलतो तेव्हा

विधानसभेची मुदत संपायला वर्ष-सव्वा वर्ष उरले, की सत्ताधारी पक्षात एक हिशेब मांडला जातो. लोकांची नाराजी सरकारवर आहे की मुख्यमंत्र्यावर? मुख्यमंत्र्यावर असेल, तर तो गेला की तीही जाईल, अशी आशा असते. भारतात हा प्रयोग चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. त्याचे निकाल इतके वेगवेगळे आले आहेत, की ‘बदलला म्हणून जिंकले’ आणि ‘बदलला म्हणून हरले’ हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात. लोकांनी बदल कसा घेतला हे समजून घ्यायचे, तर जागांच्या आधी मतांची टक्केवारी पाहावी लागते. आणि तिच्याही आधी पाहावे लागते ते गेलेला माणूस कसा गेला.

बदलाची पद्धत बहुतेक ठिकाणी सारखीच असते. दिल्लीतून निरीक्षक येतात, मुख्यमंत्री राजभवनावर जाऊन राजीनामा देतात, दुसऱ्या दिवशी विधिमंडळ पक्षाची बैठक होते. काँग्रेसमध्ये ‘नेता निवडीचे सर्वाधिकार पक्षश्रेष्ठींना’ असा एका ओळीचा ठराव होतो. भाजपमध्ये निरीक्षकांनी आणलेले नाव जाहीर होते आणि अनेकदा मावळत्या मुख्यमंत्र्यालाच ते सुचवायला लावले जाते. गुजरातमध्ये विजय रूपाणी यांचा राजीनामा ११ सप्टेंबर २०२१ ला झाला आणि १३ तारखेला भूपेंद्र पटेल यांनी शपथ घेतली. या दोन-तीन दिवसांत मतदार केवळ प्रेक्षक असतो. नव्या माणसाला तो अजून ओळखत नसतो, म्हणून त्याची पहिली प्रतिक्रिया जुन्याला कसे वागवले यावरच असते.

अपमानाची किंमत

याचा सर्वांत महागडा धडा आंध्र प्रदेशचा. १९७८ ते १९८३ या एका विधानसभेत काँग्रेसने चार मुख्यमंत्री दिले: चेन्ना रेड्डी, टी. अंजय्या, भवनम वेंकटराम आणि कोटला विजयभास्कर रेड्डी. फेब्रुवारी १९८२ मध्ये हैदराबादच्या बेगमपेट विमानतळावर तेव्हाचे खासदार राजीव गांधी यांनी स्वागताच्या गर्दीवरून अंजय्यांना चारचौघांत खडसावले, आणि त्याच महिन्यात अंजय्यांचे पद गेले. २९ मार्चला एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसमची घोषणा केली. प्रचाराचा मुद्दा एकच होता, तेलुगू माणसाचा स्वाभिमान. जानेवारी १९८३ मध्ये २९४ पैकी दोनशेहून अधिक जागा या नऊ महिन्यांच्या पक्षाने घेतल्या. अंजय्या लोकप्रिय होते म्हणून हे घडले असे नाही. आपला मुख्यमंत्री दिल्लीहून असा बदलला जातो, याची चीड त्यांना न मानणाऱ्यांनाही होती.

कर्नाटकात तीच गोष्ट एका समाजापुरती घडली, पण तिचा परिणाम जास्त काळ टिकला. १९८९ मध्ये वीरेंद्र पाटील यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने २२४ पैकी १७८ जागा जिंकल्या होत्या. ऑक्टोबर १९९० मध्ये ते पक्षाघाताने आजारी असताना त्यांना बदलण्याची घोषणा बंगळूरच्या विमानतळावर झाली. लिंगायत समाजाने ते मनावर घेतले. पुढच्या चार वर्षांत बंगारप्पा आणि वीरप्पा मोईली असे दोन मुख्यमंत्री झाले आणि १९९४ मध्ये काँग्रेस ३४ जागांवर आली. त्या समाजाची मते नंतर ज्या वाटेने गेली, तिच्यावरच पुढे भाजपच्या येडियुरप्पांचे राजकारण उभे राहिले.

चव्वेचाळीस दिवस

दिल्ली, १९९८. भाजपच्या सरकारने पाच वर्षांत मदनलाल खुराणा आणि साहिबसिंह वर्मा असे दोन मुख्यमंत्री पाहिले होते. कांदा किलोला चाळीस रुपयांच्या पुढे गेला होता. १२ ऑक्टोबरला केंद्रातील मंत्रिपद सोडून आलेल्या सुषमा स्वराज यांनी शपथ घेतली. मतदान २५ नोव्हेंबरला होते, म्हणजे हाती ४४ दिवस. कांद्याचा भाव नव्या पिकाची आवक वाढली की उतरतो, मुख्यमंत्री बदलला म्हणून नाही. भाजपला ७० पैकी १५ जागा मिळाल्या, काँग्रेसला ५२. स्वराज स्वतः हौज खासमधून निवडून आल्या. भाजपची मते १९९३ च्या जवळपास ४३ टक्क्यांवरून ३४ वर उतरली होती.

याच दिवशी राजस्थानातही मतदान होते. तिथे भाजपने मुख्यमंत्री बदलला नव्हता. भैरोंसिंह शेखावतच होते, आणि २०० पैकी ३३ जागा पदरात पडल्या. तक्रार घरातल्या रोजच्या खर्चाची असेल, तर बदलल्याने आणि न बदलल्याने फारसा फरक पडत नाही, हे दाखवणारी इतकी स्वच्छ जोडी दुसरी सापडणे अवघड आहे.

महाराष्ट्रातले चार बदल

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींनंतर सुधाकरराव नाईक यांना जावे लागले. शरद पवार संरक्षणमंत्रिपद सोडून ६ मार्च १९९३ ला परतले आणि सहा दिवसांत बॉम्बस्फोट झाले. निवडणुकीला दोन वर्षे होती, म्हणजे वेळ भरपूर होता. तरी १९९५ मध्ये काँग्रेस १४१ वरून ८० वर आली आणि मते ३८ टक्क्यांवरून ३१ वर. ४५ अपक्ष निवडून आले आणि त्यांतले बरेचसे काँग्रेसचेच बंडखोर होते. नेता बदलला, पण पक्षातले गट शिल्लक राहिले आणि तिकीटवाटपात ते फुटले.

१९९९ चा बदल नेहमी चुकीचा वाचला जातो. मनोहर जोशी यांच्या जागी नारायण राणे यांनी १ फेब्रुवारीला शपथ घेतली. मुदत मार्च २००० पर्यंत होती, पण लोकसभेबरोबर सप्टेंबरमध्येच निवडणूक घेतली गेली, म्हणजे राणे यांना जेमतेम सात-आठ महिने मिळाले. शिवसेना ७३ वरून ६९ वर आणि भाजप ६५ वरून ५६ वर आली, सत्ता गेली. ‘बदल फसला’ असे तेव्हापासून म्हटले जाते. पण मते पाहा. युतीची एकत्रित मते १९९५ मध्ये सुमारे २९ टक्के होती, १९९९ मध्ये ती ३२ च्या आसपास गेली. जूनमध्ये फुटलेल्या काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांनी वेगवेगळे लढूनही मिळून जवळजवळ निम्मी मते घेतली आणि निकालानंतर एकत्र सरकार केले. राणे यांच्या काळात युतीचा मतदार पळालेला नव्हता. अपक्षांकडे गेलेला काँग्रेसी मतदार परत आला होता.

जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुख यांच्या जागी सुशीलकुमार शिंदे आले, राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. त्यांनी सोडलेली सोलापूरची लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी जिंकली. मे २००४ च्या लोकसभेत त्याच सोलापुरातून उज्ज्वला शिंदे हरल्या. मुख्यमंत्र्याच्या घरच्या मैदानावर दोनदा हा कौल आला होता. तरी ऑक्टोबरमध्ये आघाडीने १४० जागा मिळवून सत्ता राखली. आणि मग मुख्यमंत्रिपद परत विलासरावांकडे गेले, शिंदे आंध्रचे राज्यपाल झाले. ज्याच्या नावावर मते मागितली त्याला निकालानंतर बाजूला करणे, हे दलित कार्यकर्त्यांनी विसरावे असे नव्हते आणि ते विसरलेलेही नाहीत.

चौथा बदल २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतरचा. ताज हॉटेलच्या पाहणीला मुलगा आणि एका चित्रपट दिग्दर्शकाला बरोबर नेल्यावरून विलासरावांवर लोक संतापले होते. ८ डिसेंबरला अशोक चव्हाण आले. दहा महिन्यांनी काँग्रेसच्या जागा ६९ वरून ८२ झाल्या. मते मात्र दोन्ही वेळा २१ टक्केच! मनसेने पावणेसहा टक्के मते आणि १३ जागा घेतल्या आणि शिवसेना जवळपास २० टक्क्यांवरून १६ वर आली. नव्या चेहऱ्याने मते टिकवली एवढे श्रेय द्यायला हरकत नाही. वाढलेल्या जागा समोरच्या फुटीने दिल्या.

दिवस मोजायचे असतात

बदलाची तारीख ठरवताना दोन घड्याळे बघावी लागतात. पहिले आचारसंहितेचे. ती लागली की नवा मुख्यमंत्री नवी योजना वा सवलत जाहीर करू शकत नाही, म्हणून खरा कालावधी शपथेपासून आयोगाच्या घोषणेपर्यंतचाच. दुसरे सदस्यत्वाचे. राज्यघटनेच्या कलम १६४(४) नुसार आमदार नसलेल्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. विधान परिषद असलेल्या राज्यांत ती वाट मोकळी असते, जिथे परिषद नाही तिथे पोटनिवडणूकच हवी. आणि लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १५१-अ सांगते, की रिक्त जागेची उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचे बंधन आयोगावर नाही.

उत्तराखंडमध्ये भाजपचा पाय याच जागी अडकला. १० मार्च २०२१ ला खासदार तीरथसिंह रावत मुख्यमंत्री झाले. आमदार होण्याची मुदत १० सप्टेंबरपर्यंत होती आणि विधानसभा मार्च २०२२ मध्ये संपत होती. एप्रिलमध्ये सल्टची पोटनिवडणूक झाली, तिथे ते उभे राहिले नाहीत. फाटक्या जीन्सवरच्या वक्तव्याने टीका ओढवली होतीच. २ जुलैला त्यांनी राजीनामा दिला. चार महिन्यांत दुसरा बदल करावा लागला.

२०२४ मध्ये हरियाणाचे नवे मुख्यमंत्री नायबसिंह सैनी यांच्यावरही तीच वेळ आली असती. ते खासदार होते आणि विधानसभा नोव्हेंबरमध्ये संपणार होती. ते उभे राहिले त्या करनालच्या पोटनिवडणुकीला आव्हान दिले गेले, पण पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ते फेटाळले. आठवडाभर आधी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अकोला पश्चिमची पोटनिवडणूक मात्र मुदत वर्षापेक्षा कमी उरते म्हणून रद्द ठरवली होती. एकाच कलमाचे दोन अर्थ निघाले. ऑक्टोबरमध्ये भाजपने ९० पैकी ४८ जागा जिंकल्या. मते साडेछत्तीसवरून चाळीसच्या जवळ आली आणि काँग्रेस एका टक्क्याहून कमी अंतराने मागे राहिली.

२०२१: एका वर्षात तीन वेगळी उत्तरे

गुजरातमध्ये केवळ रूपाणी गेले नाहीत, त्यांचे सगळे मंत्री गेले. १६ सप्टेंबरला शपथ घेतलेल्या २४ जणांत जुना एकही नव्हता. ज्या मंत्र्यावर तालुक्याचा राग होता तोही समोरून हलला, त्यामुळे बदल गावापर्यंत दिसला. डिसेंबर २०२२ मध्ये १८२ पैकी १५६ जागा आल्या. मते ४९ वरून साडेबावन्न टक्क्यांवर गेली, म्हणजे वाढ खरी होती. पण काँग्रेस ४१ वरून २७ वर घसरली आणि ‘आप’ने १३ टक्के घेतले, हे बाजूला ठेवून १५६ चा अर्थ लागत नाही.

पंजाबमध्ये अमरिंदरसिंग १८ सप्टेंबरला गेले आणि चरणजितसिंग चन्नी २० ला आले. अनुसूचित जातींची लोकसंख्या सुमारे ३२ टक्के असलेल्या राज्यातले पहिले दलित मुख्यमंत्री. सुरुवातीचे स्वागत मनापासूनचे होते. ८ जानेवारीला आचारसंहिता लागेपर्यंत ११० दिवस मिळाले आणि ते त्यांनी वापरले: दोन किलोवॉटपर्यंतच्या ग्राहकांची वीजबिल थकबाकी माफ, घरगुती वीज युनिटमागे ३ रुपयांनी स्वस्त, पेट्रोल १० आणि डिझेल ५ रुपयांनी खाली. पण शपथेनंतर आठव्या दिवशीच नेमणुकांवरून प्रदेशाध्यक्ष नवज्योतसिंग सिद्धू यांनी राजीनामा दिला. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा चन्नीच, हे ठरायला ६ फेब्रुवारी उजाडली. मतदान २० ला होते. बरगाडीचे बेअदबी (गुरू ग्रंथसाहिबाच्या विटंबनेचे) प्रकरण आणि अमली पदार्थ यांविषयीची २०१७ ची आश्वासने तशीच पडून होती. काँग्रेस ७७ वरून १८ वर आली, मते साडेअडतीसवरून २३ टक्क्यांवर. चन्नी दोन्ही मतदारसंघांत हरले. सिद्धू आणि अमरिंदरही हरले.

कर्नाटकात जुलैमध्ये येडियुरप्पांच्या जागी बसवराज बोम्मई आले. १९९० ची आठवण ठेवून वारसही लिंगायतच निवडला होता. तोवर तक्रार सरकारी कंत्राटांतल्या ‘४० टक्के कमिशन’ची झाली होती आणि ती संपूर्ण सरकारवर होती. मे २०२३ मध्ये जागा १०४ वरून ६६, मते मात्र ३६ टक्क्यांवर जवळपास स्थिर. जनता दलाने (धर्मनिरपेक्ष) गमावलेले पाच टक्के आणि काँग्रेसची पाच टक्क्यांची वाढ एकमेकांशेजारी ठेवली की निकाल समजतो.

बदल तात्पुरता आहे असे पक्षानेच सांगितले, तर लोकांकडे प्रतिक्रिया द्यायला काही उरत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीत आतिशी यांनी पदभार घेतला तेव्हा अरविंद केजरीवाल यांची खुर्ची शेजारी रिकामी ठेवली होती. निष्ठा म्हणून ते कार्यकर्त्यांना भावले. सामान्य मतदाराला मात्र त्यातून कळले, की मत केजरीवालांनाच द्यायचे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आप’ २२ जागांवर आली. कालकाजीतून आतिशी जिंकल्या, नवी दिल्लीतून केजरीवाल हरले.

उत्तराखंडच्या दोन निवडणुका याच्या अगदी उलट आहेत. सप्टेंबर २०११ मध्ये रमेश पोखरियाल ‘निशंक’ यांच्या जागी भुवनचंद्र खंडूरी यांना परत आणले आणि ‘खंडूरी हैं जरूरी’ ही घोषणा गावोगाव पोहोचली. भाजपला ३१, काँग्रेसला ३२ जागा, आणि खंडूरी स्वतः कोटद्वारमध्ये हरले. दहा वर्षांनी, तीरथसिंह यांच्या जागी आलेल्या पुष्करसिंह धामी यांनी पुजाऱ्यांचा रोष ओढवणारा चारधाम देवस्थानम मंडळाचा कायदा मतदानाच्या अडीच महिने आधी मागे घेण्याची घोषणा केली. ७० पैकी ४७ जागा आल्या, आणि धामी खटीमात हरले. पक्षाने त्यांनाच पुन्हा मुख्यमंत्री केले. चंपावतच्या आमदाराने जागा रिकामी केली आणि सहा महिन्यांचे ते घड्याळ संपण्याआधी, ३१ मे २०२२ ला, चंपावतने त्यांना ५५ हजारांहून अधिक मतांनी निवडून दिले.