तुकडे पडणारे प्लास्टिक आणि कुजणारे प्लास्टिक

ऑक्सो-डिग्रेडेबल (लवकर तुकडे पडणारे) आणि कंपोस्टेबल (खतात कुजणारे) हे प्लास्टिकचे दोन प्रकार सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर, बातम्यांत आणि अगदी शेतीविषयक व्याख्यानांतही सर्रास ‘विघटनशील’ या एकाच नावाने वावरतात. माती आणि समुद्रातील सूक्ष्म प्लास्टिकचा विचार करताना ही गल्लत फार महाग पडते, कारण यांपैकी पहिला प्रकार ते सूक्ष्म प्लास्टिक अधिक वेगाने तयार करतो.

साध्या पॉलिथिनच्या पिशवीबद्दल फारसे सांगायला नको. गच्चीवर उन्हात महिनोन्‌महिने पडून राहिलेली पिशवी उचलायला जावे तर हातात तिचा चुरा येतो, हे सर्वांनी पाहिलेले आहे. अतिनील किरणांमुळे पॉलिथिनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, पदार्थ ठिसूळ होतो आणि 5 मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे झाले की त्यांना आपण सूक्ष्म प्लास्टिक म्हणू लागतो. ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिक म्हणजे बहुधा हेच पॉलिथिन असते. त्यात मँगनीज, लोह किंवा कोबाल्ट यांचे क्षार मिसळलेले असतात आणि त्यांच्यामुळे ही मोडतोड लवकर होते. कंपोस्टेबल प्लास्टिक मात्र रासायनिक दृष्ट्या वेगळ्या घडणीचे असते. ते सहसा पीएलए आणि पीबीएटी नावाची दोन कुजू शकणारी प्लास्टिके आणि स्टार्च यांच्या मिश्रणातून बनवतात.

स्पर्श, रंग आणि किंमत यांतील फरकांवर वेळ घालवू नये. मका किंवा साबुकंद यांपासून बनवले आहे म्हणून ते कुजणारच, हा समजही सोडून द्यावा. ब्राझीलमध्ये उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवतात आणि ते नेहमीच्या पॉलिथिनइतकेच चिवट असते. उलट पीबीएटी मुख्यतः खनिज तेलापासून बनत असूनही सूक्ष्मजीव ते पचवू शकतात. कच्चा माल कोठून आला यापेक्षा रेणूंची जोडणी कशी आहे, हे महत्त्वाचे.

खरी गफलत होते ती तुकडे पडणे आणि कुजणे यांत. लाकडाचा भुसा झाला म्हणजे लाकूड कुजले असे कोणी म्हणत नाही, पण पिशवी दिसेनाशी झाली की ती मातीत मिसळली असे आपण बिनदिक्कत म्हणतो. कुजणे म्हणजे जिवाणू आणि बुरशी यांनी पदार्थातील कार्बन अन्न म्हणून वापरणे. त्यातील काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो आणि काही त्यांच्या शरीरात जातो. पीएलए आणि पीबीएटी यांच्या साखळ्यांत एस्टर बंध नावाच्या जोडण्या असतात. पाणी आणि विकरे (एन्झाइम) ते बंध तोडू शकतात, आणि सुटे झालेले लहान रेणू सूक्ष्मजीवांच्या पेशींत शिरतात. ज्युरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी 2018 मध्ये खूण केलेला कार्बन घालून पीबीएटी तयार केले आणि मातीत त्याचा माग काढला, तेव्हा तो कार्बन बाहेर पडलेल्या वायूत आणि बुरशीच्या तंतूंतही सापडला. कुजण्याचा पुरावा असा असतो. पिशवी विरली, फाटली, वजनाने हलकी झाली, या कशालाही पुरावा म्हणता येत नाही. पॉलिथिनच्या कार्बन-कार्बन साखळीला विकरे जवळजवळ हातच घालू शकत नाहीत, म्हणून तिचे तुकडे लहान होत जातात, पण पदार्थ तोच राहतो. युरोपीय संघाने 2019 च्या निर्देशाने ऑक्सो-डिग्रेडेबल प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी आणली आणि जुलै 2021 पासून ती लागू झाली, ते मला पूर्णपणे योग्य वाटते.

कंपोस्टेबल प्लास्टिकलाही मोकळे रान नाही. त्याच्या प्रमाणपत्रामागची चाचणी साधारण 58 अंश सेल्सिअस तापमानाच्या खतात होते आणि 180 दिवसांत 90 टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर व्हावे, अशी तिची अट असते. एवढी ऊब मोठ्या खत प्रकल्पातील ढिगात टिकते. बाल्कनीतल्या कुंडीत, शेताच्या बांधावर किंवा समुद्राच्या पाण्यात ती मिळत नाही. प्लिमथ विद्यापीठाच्या 2019 मधील अभ्यासात कंपोस्टेबल पिशवी समुद्राच्या पाण्यात तीन महिन्यांत दिसेनाशी झाली, पण मातीत 27 महिन्यांनंतरही ती शिल्लक होती. त्याच अभ्यासात ‘बायोडिग्रेडेबल’ असा शिक्का असलेली दुसरी एक पिशवी तीन वर्षे माती किंवा समुद्रात राहूनही बाजारहाट पेलण्याइतकी मजबूत होती. मातीत जे घडेल तेच समुद्रातही घडेल, असे गृहीत धरण्याची सोय नाही.

शेतकऱ्यांसाठी हा फरक सर्वांत जवळचा आहे तो मल्चिंग पेपरमध्ये, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायला अंथरतात त्या प्लास्टिकच्या पातळ पडद्यात. टोमॅटो किंवा कलिंगडाचा हंगाम संपल्यावर गादीवाफ्यावरचा पेपर ओढला की उन्हात तापलेला वरचा भाग हातात येतो, आणि मातीत दाबलेली कड, जिला ऊन कधी लागलेलेच नसते, तिथेच फाटून आत राहते. त्यावरून रोटाव्हेटर (माती भुसभुशीत करणारे यंत्र) फिरला की तिच्या चिंधड्या होऊन त्या नांगरटीच्या थरात मिसळतात. पुढे गांडुळे बारीक तुकडे आपल्या बिळांतून खोलवर नेतात. कपड्यांत असतात तशा पॉलिएस्टरच्या बारीक धाग्यांमुळे तर मातीच्या कणांची बांधणी आणि पाणी धरण्याची क्षमताही बदलते, असे प्रयोगांत दिसले आहे. पावसाच्या पाण्याबरोबर जे वाहून जाते ते ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाडीत पोचते, आणि तिथे पाणी गाळून पोट भरणारे शिंपले ते अन्नाबरोबर गिळतात.

म्हणून ‘ऑक्सो’ तंत्राचा मल्चिंग पेपर कोणी सुचवला तर सरळ नकार द्यावा. जमिनीत कुजणारा पेपर हवा असेल, तर विक्रेत्याकडे ईएन 17033 या युरोपीय मानकाचे प्रमाणपत्र मागावे. त्यात 20 ते 28 अंशांच्या मातीत दोन वर्षांत 90 टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइड व्हावे लागते. केवळ खत प्रकल्पासाठीचे प्रमाणपत्र दाखवले तर ते शेतासाठी पुरेसे धरू नये. तसा पेपर परवडत नसेल, तर पातळ पेपरापेक्षा थोडा जाड साधा पेपर घ्यावा, आणि रोटाव्हेटर घालण्याआधी कुदळीने कडा मोकळ्या करून तो सबंध उचलावा.