रत्नागिरी ते मंडाले, हवेतून

रत्नागिरी आणि मंडाले यांची गाठ इंग्रजांनी घातली, तीही कैद्यांची अदलाबदल करून. मंडाले ही ज्याची राजधानी, त्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ साली पदच्युत करून पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. दोघांचाही प्रवास बोटीचा, दक्षिण भारताला वळसा घालून झालेला.

विमानाने गेलं तर? या दोन गावांमध्ये थेट सेवा नाही, पण हिशेब मांडायला तिकीट लागत नाही. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन गोलावरचं अंतर काढलं, की सुमारे २,४५० किलोमीटर येतं. साध्या नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ पुरीच्या दक्षिणेने जाते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग मात्र उत्तरेकडे फुगतो आणि पुरी-भुवनेश्वरच्या मधून समुद्रावर उतरतो. मध्यावर दोन्ही मार्गांत ४० किलोमीटरांचं अंतर पडतं, आणि एवढं करून वाचतात जेमतेम दोन किलोमीटर! हा वक्र मार्ग खरा कामाला येतो तो मुंबई ते अमेरिका अशा लांब पल्ल्याला. इथे त्याचं फार कौतुक नको.

ताशी ८३० किलोमीटर वेग धरला तर तीन तास, आणि चढणं-उतरणं धरून साडेतीन. म्यानमारचं घड्याळ आपल्यापुढे एक तास, म्हणून सकाळी नऊला निघालेला माणूस तिथल्या दीड वाजता उतरेल.

खरी गंमत वाऱ्याची आहे. हिवाळ्यात भारतावर उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. वारा ताशी ७० किलोमीटरचा धरला, तर जायला पावणेतीन तास आणि यायला सव्वातीन (चढ-उतार सोडून).

पावसाळ्यात हे उलटतं. जुलैत कोकणात उभं राहिलं की ढग समुद्राकडून सह्याद्रीकडे धावताना दिसतात, त्यामुळे वरही सगळीकडे नैर्ऋत्येचाच वारा असणार असं वाटतं. पण हा वारा खालच्या थरातला. सहा-सात किलोमीटरच्या वर गेलं की वारा पूर्वेकडून येऊ लागतो. उन्हाळ्यात तिबेटचं पठार आणि उत्तर भारत तापतात, त्यांच्यावरची हवा विषुववृत्तावरच्या हवेपेक्षाही उबदार होते. उष्ण-थंडातल्या या फरकामुळे वरची हवा दक्षिणेकडे ढकलली जाते, पण पृथ्वी फिरत असल्याने ती सरळ दक्षिणेला न जाता उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळते. हिवाळ्यात उत्तर थंड पडते, फरक उलटा होतो आणि वाराही.

या पूर्वेच्या झोताचं सविस्तर वर्णन भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ साली केलं. त्याचा गाभा १४ ते १६ किलोमीटरांवर, द्वीपकल्पाच्या दक्षिण भागावर असतो. प्रवासी विमानं त्याच्या खाली, १० ते १२ किलोमीटरांवर उडतात, म्हणून त्यांच्या वाट्याला त्याची कडच येते. तेवढीही पुरते. जुलैत मंडालेहून निघालेलं विमान, जाताना लागला त्यापेक्षा कमी वेळात रत्नागिरीला पोचेल. आणि उतरताना शेवटची काही मिनिटं, ढगांत शिरल्यावर, तो खालचा नैर्ऋत्येचा वारा समोरून येईल.