पळाला कोण? हेवीवेटच्या न झालेल्या लढतींची पार्श्वभूमी

नागपुरात बॉक्सिंगचे शौकीन क्रिकेटच्या मानाने मूठभर, पण जे आहेत ते कट्टर. अमेरिकेतली शनिवार रात्रीची लढत इथे रविवारी सकाळी दिसते. लंडनची किंवा रियाधची असेल तर पहाटे तीनचा गजर लावावा लागतो. मग जागरणाचे डोळे घेऊन सदरच्या पोह्याच्या ठेल्यावर मंडळी जमतात. झालेल्या लढतीवर बोलणं पोहे संपायच्या आत संपतं, न झालेल्या लढतीवरचं मात्र वरून दोनदा तर्री घेतली तरी आटोपत नाही. "पळाला ना बे तुझा जोशुआ!" हे ब्रिटनच्या अँथनी जोशुआने अमेरिकेच्या डिओन्टे वाइल्डरशी लढत टाळली असं म्हणणाऱ्या एकाचं ठरलेलं वाक्य. "कायले पळन तो? पयले पैसे त दाखवा म्हणा," हे दुसऱ्याचं ठरलेलं उत्तर. तिसरा मध्येच ब्रिटनच्याच टायसन फ्युरीचं नाव काढतो आणि मग ऑफिसची वेळ झालेलीही कोणाच्या लक्षात येत नाही. रविवार असतो म्हणून बरं.

या वादात दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात: टाळणारा माणूस 'नाही' म्हणतो. हेवीवेटच्या, म्हणजे व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या सर्वांत वजनदार गटाच्या इतिहासात तसं क्वचित घडलं आहे. टाळणारा बहुतेक वेळा 'हो'च म्हणतो. वारंवार म्हणतो, कॅमेऱ्यासमोर म्हणतो आणि प्रत्येक वेळी एक नवी अट जोडतो.

उघड नकाराचा एक काळ मात्र होता. जॉन एल. सलिव्हनने पीटर जॅक्सनशी लढायला साफ नकार दिला, कारण जॅक्सन काळा होता. जिम जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित निवृत्त झाला, पण किताब हातात असताना त्याने एकाही काळ्या आव्हानवीराला संधी दिली नाही. याला 'कलर लाइन' म्हणत. ती पाळणाऱ्याला लाज वाटत नसे आणि वर्तमानपत्रंही ती रीतसर छापत. ही रेघ ओलांडायला जॅक जॉन्सनला विजेत्या टॉमी बर्न्सच्या मागे आधी इंग्लंड आणि मग ऑस्ट्रेलिया गाठावं लागलं. बर्न्स तयार झाला तो ह्यू मॅकिंटॉश या प्रमोटरने, म्हणजे लढत भरवणाऱ्याने, ३०,००० डॉलर कबूल केल्यावर. जॉन्सनच्या वाट्याला आले ५,०००. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि हेवीवेटला पहिला काळा विजेता मिळाला. बर्न्सला भित्रा म्हणणारे आजही आहेत. मला मात्र तो सरळ व्यवहारी वाटतो: भाव सांगितला, भाव मिळाला, रिंगमध्ये उतरला आणि मार खाल्ला. त्याच्याआधीच्या गोऱ्या विजेत्यांनी तेवढंही केलं नव्हतं.

याच गोष्टीचा पुढचा भाग सांगताना जॉन्सनचे चाहते जरा घाईत असतात. विजेता झाल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्डला किताबासाठी एकदाही लढत दिली नाही. लँगफर्डला त्याने १९०६ मध्ये हरवलं होतं, पण त्यानंतर लँगफर्ड बराच मोठा झाला होता. सव्वासहा वर्षांच्या राज्यात जॉन्सन किताबासाठी फक्त एका काळ्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभा राहिला, तोही लँगफर्ड नव्हे, बॅटलिंग जिम जॉन्सन. ती लढत १९१३ मध्ये पॅरिसला झाली आणि बरोबरीत सुटली. दोन काळ्या बॉक्सरांच्या लढतीला तिकिटं खपत नाहीत, हा तेव्हाचा हिशेब होता. म्हणजे ज्या भिंतीवर डोकं आपटत जॉन्सन मोठा झाला, त्याच भिंतीच्या सावलीत तो पुढे आरामात बसला.

१९१५ मध्ये जॉन्सन हरला आणि पुढची २२ वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढता आलं नाही. त्या वर्षांत सर्वांत जास्त होरपळला तो हॅरी विल्स. जॅक डेम्प्सी १९१९ मध्ये विजेता झाला आणि विल्स त्याचा पहिल्या नंबरचा दावेदार ठरला. आजच्या वाटाघाटींचं सगळं व्याकरण या एका प्रकरणात सापडतं. डेम्प्सी लढायला तयार असल्याचं सांगत राहिला. करारावर सह्याही झाल्या. प्रमोटरकडून डेम्प्सीला ठरलेले पैसे आले नाहीत आणि करार बारगळला. न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग आयोगाने विल्सची बाजू धरली, तर डेम्प्सीने लढत दुसऱ्या राज्यात हलवली आणि प्रतिस्पर्धीही बदलला. सप्टेंबर १९२६ मध्ये तो फिलाडेल्फियात लाखभर प्रेक्षकांसमोर जीन टनीशी लढला आणि हरला. मधली तीन वर्षं त्याने किताब पणालाच लावला नव्हता. विल्स तोवर उतरणीला लागला होता. मग पळालं कोण? डेम्प्सी, त्याचा प्रमोटर टेक्स रिकार्ड, की काळा विजेता नको असलेला अमेरिकेतला प्रभावी गोरा वर्ग? कागदावर कोणाचाच नकार सापडत नाही. तरीही लढत झाली नाही, आणि ती होऊ न देण्यात तिघांचाही फायदा होता.

जो लुईसने ही कोंडी १९३७ मध्ये फोडली, पण त्या वेळी डावलला गेला तो एक गोरा. मॅक्स श्मेलिंगने १९३६ मध्ये लुईसला नॉकआउट केलं होतं, विजेता जेम्स ब्रॅडॉकशी त्याचा करारही झाला होता. पण नाझी जर्मनीच्या बॉक्सरच्या लढतीवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. शिवाय लुईसचा प्रमोटर माइक जेकब्स याने ब्रॅडॉकला एक अजब देकार दिला: किताब गेला तरी पुढची दहा वर्षं हेवीवेट किताबाच्या लढतींतल्या जेकब्सच्या नफ्याचे १० टक्के. ब्रॅडॉकने लुईसशी लढत घेतली, आठव्या फेरीत कोसळला आणि पैसे घेत राहिला. ठरलेल्या तारखेला श्मेलिंग न्यूयॉर्कमध्ये वजन करायला हजर झाला. समोर कोणीच नव्हतं. एकट्याने वजनकाट्यावर उभं राहून त्याने आपली हजेरी लावली.

१९६२ चं पॅटरसन-लिस्टन प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते सरळ आहे. फ्लॉइड पॅटरसनचा मॅनेजर कस डमाटो सॉनी लिस्टनला दूर ठेवत होता. कारण सांगितलं जायचं लिस्टनच्या गुन्हेगारी टोळ्यांशी असलेल्या संबंधांचं, आणि ते खोटंही नव्हतं. शेवटी पॅटरसननेच हट्टाने लढत घेतली. २ मिनिटं ६ सेकंदांत आटोपली. डमाटोला आपला माणूस बरोबर कळला होता.

यानंतर खेळ बदलला तो पट्ट्यांमुळे, म्हणजे वेगवेगळ्या संघटना आपापल्या विजेत्याला देतात त्या बेल्टमुळे. १९२१ पासूनची जुनी संघटना १९६२ मध्ये डब्ल्यूबीए झाली, १९६३ मध्ये डब्ल्यूबीसी आली, १९८३ मध्ये आयबीएफ, १९८८ मध्ये डब्ल्यूबीओ. प्रत्येकीचा आपला पट्टा, आपली क्रमवारी, आपला 'मँडेटरी' म्हणजे अनिवार्य आव्हानवीर, आणि विजेत्याच्या मानधनातून आपला टक्का. दोन्ही बाजूंचं ठरलेल्या मुदतीत जमलं नाही तर 'पर्स बिड' होते: बंद लिफाफ्यात बोली, सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला लढतीचे हक्क आणि पैशांची वाटणी संघटनेच्या नियमाने. कागदावर ही व्यवस्था पळपुट्यांना रोखण्यासाठी आहे. प्रत्यक्षात विजेत्याला यातून कायमचं निमित्त मिळालं. मोठी लढत नको असेल तर मँडेटरी पुढे करायचा. मँडेटरी नको असेल तर पट्टा सोडून द्यायचा.

हौशी बॉक्सिंगमध्ये ही सोय नाही. नागपूरच्या अल्फिया पठाणने एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से इथे जागतिक युवा स्पर्धेत ८१ किलोंवरच्या गटात सुवर्ण जिंकलं. मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव करून गेलेल्या या मुलीला कोणाशी वाटाघाटी कराव्या लागल्या नाहीत. ड्रॉमध्ये जी समोर आली तिच्याशी लढायचं, नाहीतर घरी. आमच्या ठेल्यावरचे लोक हे उदाहरण हमखास देतात, आणि इथे ते चपखल बसतं, कारण जगातल्या सर्वांत गाजलेल्या 'डकिंग'ची, म्हणजे लढत टाळण्याची, सुरुवात अशाच एका ड्रॉने झाली.

१९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये सुपर हेवीवेटच्या अंतिम फेरीत कॅनडाच्या लेनॉक्स लुईसने अमेरिकेच्या रिडिक बोला दुसऱ्या फेरीतच संपवलं. चार वर्षांनी दोघेही व्यावसायिक, दोघेही शिखराजवळ. ऑक्टोबर १९९२ मध्ये लुईसने रझर रडॉकला दोन फेऱ्यांत झोपवलं आणि पुढच्याच महिन्यात बोने होलिफिल्डला हरवून किताब घेतला. दोन्ही विजेते एकमेकांशी लढतील असं आधीच ठरलेलं होतं. पैशांच्या वाटणीवर गाडी अडली. त्याच डिसेंबरात बोने लंडनमध्ये पत्रकारांसमोर डब्ल्यूबीसीचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो लुईसला आयता मिळाला. व्यावसायिक रिंगमध्ये ही जोडी कधीच भिडली नाही. इतकी पुराव्यानिशी सिद्ध होणारी दुसरी केस मला माहीत नाही.

पण लुईसलाही अगदी धुतल्या तांदळासारखा मानू नये. १९९६ मध्ये टायसनचा मँडेटरी तोच होता, आणि ४० लाख डॉलर घेऊन तो बाजूला झाला. पुढे दोघे दोन वेगळ्या चॅनेलांना बांधलेले, म्हणून लढत लांबत गेली. एचबीओ आणि शोटाइमने हात मिळवल्यावर जून २००२ मध्ये मेम्फिसला ती झाली, तेव्हा टायसन छत्तिशीला टेकला होता.

आता ठेल्यावरच्या मूळ वादाकडे येऊ. २०१८ च्या वसंतात अँथनी जोशुआकडे तीन पट्टे आणि डिओन्टे वाइल्डरकडे चौथा. वाइल्डरच्या गोटातून जोशुआला ५ कोटी डॉलरचा देकार ई-मेलने आला. जोशुआचा प्रमोटर एडी हर्न म्हणाला, पैसा कुठे आहे ते दाखवा, करार पाठवा. वाइल्डरला त्याने देऊ केलेली रक्कम १.५ कोटीपर्यंत गेली. सोयरिकीच्या बैठकीत मुलगा-मुलगी पसंत असूनही मानपानावर अडून बसावं, तसं महिनोन्महिने चाललं. तेवढ्यात डब्ल्यूबीएने मँडेटरी पोवेत्किनचा आग्रह धरला आणि जोशुआ तिकडे वळला. माझ्या मते इथे दोन्ही बाजूंना घाई नव्हती. लढत जितकी पिकेल तितकी महाग विकता येईल, हे दोघांनाही ठाऊक होतं. १ जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी रुइझने जोशुआला पाडलं आणि पिकायला ठेवलेला माल एका रात्रीत नासला.

फ्युरी-जोशुआची तऱ्हा वेगळी. तोवर जोशुआने रुइझकडून पट्टे परत मिळवले होते आणि वाइल्डरचा पट्टा फ्युरीकडे आला होता. मे २०२१ मध्ये फ्युरीने १४ ऑगस्टची सौदीतली लढत शंभर टक्के पक्की असल्याचं व्हिडिओत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या लवादाने निकाल दिला की फ्युरीने आधी वाइल्डरशी तिसरी लढत द्यावी. जोशुआ युक्रेनच्या ओलेक्सांदर उसिककडे गेला आणि सप्टेंबरमध्ये पट्टे घालवून बसला. २०२२ मध्ये पुन्हा बोलणी झाली, फ्युरीने सह्यांसाठी स्वतःच मुदत ठरवली, स्वतःच संपवली आणि डिसेंबरात तिसऱ्यांदा चिसोराशी लढला. दोघांकडे मिळून चारही पट्टे असताना ही लढत झाली असती तर ब्रिटिश बॉक्सिंगमधली ती सर्वांत मोठी ठरली असती.

उसिकने या खेळावर एक वेगळाच डाव टाकला. मार्च २०२३ मध्ये फ्युरीने ७०-३० ची वाटणी मागितली, अर्थात ७० स्वतःला. उसिकने ती मान्य केली आणि वर युक्रेनसाठी १० लाख पौंड द्यायची अट घातली. फ्युरीकडे पैशांचं कारण उरलं नाही, तर रीमॅचच्या अटींवर बोलणी मोडली. ठेल्यावरच्या फ्युरीभक्तांना त्या आठवड्यात पहिल्यांदाच गप्प बसलेलं पाहिलं.

शेवटी १८ मे २०२४ रोजी रियाधमध्ये ती लढत झाली, आपल्याकडे १९ ची पहाट होती, कूलर घरघरत होते. उसिक विभागलेल्या निकालावर, म्हणजे तीनपैकी दोन पंचांच्या कौलावर, जिंकला आणि १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर पहिला निर्विवाद, म्हणजे सगळे मोठे पट्टे एकट्याकडे असलेला, विजेता झाला. पण जेमतेम महिन्याभरात आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण फ्युरीशी रीमॅच ठरलेला आणि आयबीएफचा मँडेटरी दुसराच. पट्टा डॅनियल डुबुआला न लढता मिळाला. सप्टेंबरात वेम्बलीला डुबुआने जोशुआला पाचव्या फेरीत नॉकआउट केलं, डिसेंबरात फ्युरी उसिककडून दुसऱ्यांदा हरला. जुलै २०२५ मध्ये उसिकने वेम्बलीतच डुबुआलाही पाचव्या फेरीत झोपवून तो पट्टा परत नेला.