चाकरमानी कुठे मोजायचे? खेळातल्या दुसऱ्या सभागृहाच्या वादाची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातली काही मंडळी ऑनलाइन सरकार चालवण्याचा खेळ खेळतात. कॉलेजातली पोरं, एखाद-दोन शिक्षक, बाकी मुंबई-पुण्यात नोकरीला गेलेले. काल्पनिक राज्य, निवडणुका, विधेयकं, विरोधी पक्षाचा सभात्याग, सगळं साग्रसंगीत. सध्या तिथे घटनादुरुस्तीवरून जुंपली आहे. आहे ते एकच सभागृह ठेवायचं, की प्रत्येक विभागाला सारख्या जागा देणारं दुसरंही आणायचं?

या प्रकारच्या खेळांत नाव झालं ते 'नेशनस्टेट्स'चं. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी याने २००२ मध्ये स्वतःच्या कादंबरीची जाहिरात म्हणून तो सुरू केला. त्यातल्या जागतिक संस्थेला आधी थेट संयुक्त राष्ट्रांचंच नाव होतं. खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून नोटीस आली आणि २००८ मध्ये ती 'वर्ल्ड असेंब्ली' झाली. ठरावावर प्रत्येक सदस्य देशाला एक मत, पण विभागाच्या, म्हणजे देशांच्या गटाच्या, प्रतिनिधीला पाठीशी असलेल्या देशांइतकी जादा मतं. त्यामुळे मोठ्या विभागाचा प्रतिनिधी एकटाच छोट्यांना भारी पडतो. विभाग आपापल्या घटना लिहितात आणि सभागृह एक की दोन, हा घोळ तिथेही चालतो. दुसऱ्या सभागृहावरचा आक्षेप साधा असतो: माणसंच मोजकी, तीच दोन्हीकडे बसणार. आपल्याकडे तर शिमगा-गणपतीत एका सभागृहाचा कोरम भरता भरत नाही.

मग कोकणातल्या खेळाडूंना दुसरं सभागृह का हवंय? त्याचं उत्तर खेळाबाहेर आहे.

२००१ ची जनगणना धरून मतदारसंघांची पुनर्रचना झाली. २००८ मध्ये ती अमलात आली आणि २००९ ची विधानसभा निवडणूक तिच्यावर झाली. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या, पण रत्नागिरी जिल्ह्याच्या सातच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चारच्या तीन. खेड, संगमेश्वर, मालवण, वेंगुर्ला ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली. कुडाळ नव्याने आलं. लोकसभेचा राजापूर मतदारसंघही उरला नाही. बॅरिस्टर नाथ पै आणि मधु दंडवते इथूनच निवडून जात. संसदेला मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार शाबूत राहावा म्हणून नाथ पैंनी १९६७ मध्ये खासगी विधेयक आणलं होतं. तेव्हा घटनेवर तावातावाने भांडणं ही इकडे काही नवी गोष्ट नाही.

माणसं कमी, म्हणून जागा कमी. हिशेब नियमाला धरूनच होता. आणि पुढे २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली, सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. घर गावात, सातबाऱ्यावर नाव गावात, पण जनगणनेत माणूस मुंबई-ठाण्याचा. वर सिंधुदुर्गातल्यांना गोवा दिसत असतो. तेरेखोल नदी ओलांडली की १४,५८,५४५ लोकांना ४० आमदार आणि दोन खासदार. नदीच्या अलीकडे दोन जिल्ह्यांच्या मिळून साडेचोवीस लाखांना आठ आमदार. स्वतःचा खासदार एकच, आणि दापोली-गुहागर तर रायगड लोकसभा मतदारसंघात. गोवा वेगळं राज्य आहे, तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पण सल राहतेच.

मात्र दुसऱ्या सभागृहाचे समर्थक आपल्या विधान परिषदेचा दाखला देतात, तो मला पटत नाही. परिषदेच्या ७८ जागांपैकी ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक संस्था, पदवीधर आणि शिक्षक प्रत्येकी ७, आणि १२ राज्यपालनियुक्त. यात विभागांना समान वाटा देण्याचा विचारच नाही. कोकण पदवीधर मतदारसंघ पालघर-ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेला. तिथे ठाण्याच्या मतांपुढे दोडामार्गाचं काय चालणार? राज्यसभेच्या जागाही मुख्यतः लोकसंख्येवरच ठरल्या आहेत: महाराष्ट्राला १९, गोव्याला १. पोरांना हवी असलेली व्यवस्था अमेरिकी सिनेटची आहे, राज्य केवढंही असो, सदस्य दोन. ती १७८७ च्या तडजोडीतून आली, तेव्हाही भांडण लहान राज्यं आणि मोठी राज्यं यांचंच होतं.

दुसऱ्या सभागृहाच्या विरोधकांचाही इतिहास कोकणातलाच. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांची वतनदारी, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्षात कायदा व्हायला १९४९ उजाडलं. कुळांचे प्रश्न आधीच रखडतात, त्यात आणखी एक उंबरठा कशाला, असं ते म्हणतात. हा मुद्दा वजनदार आहे.

म्हणून खेळातल्या घटनादुरुस्तीच्या ताज्या मसुद्यात दुसऱ्या सभागृहाला नकाराधिकार नाही, फक्त विलंबाचा आहे. विधान परिषद साधं विधेयक आधी तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा मंजूर केल्यावर एक महिना थोपवू शकते. मसुद्यात महिन्यांच्या जागी दिवस घातलेत. त्यावर फारसं कुणी भांडत नाही. घोडं अडलंय ते नोंदणीच्या कलमावर: खेळाडूचा विभाग राहत्या पत्त्यावरून धरायचा की गावावरून? पत्ता धरला तर देवगड-मालवणच्या रकान्यात चार डोकी उरतात आणि त्यांनाही ठाण्याइतक्याच जागा द्याव्या लागतात. गाव धरलं तर डोंबिवलीत बसलेला माणूस देवगडच्या नावाने मत देणार, आणि गावात राहणारे म्हणतात, मग आम्ही इथे कशाला राहिलो?