नकाशा दिसला म्हणजे झालं का? नव्या स्पेशियल कनेक्टरच्या टेस्टिंगमागची पार्श्वभूमी

क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरसाठी कुठल्या नव्या डेटाबेसचा कनेक्टर, म्हणजे त्या डेटाबेसमधला नकाशाचा डेटा वाचणारा-लिहिणारा भाग, टेस्टिंगला आला की बहुतेकांचं टेस्टिंग एका मिनिटात उरकतं. कनेक्शन टाकलं, लेयर (नकाशाचा एक थर) ओढली, पुणं दिसलं, चालतंय की! आणि सगळी गंमत इथेच आहे, कारण नकाशा दिसणं ही यातली सगळ्यात सोपी पायरी आहे, जे चुकतं ते गपचूप चुकतं, एरर येत नाही, लाल पट्टी येत नाही, आकडा चुकीचा येतो आणि तो कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये जाऊन बसतो. तर टेस्ट नेमकं काय करायचं हे ठरवायला आधी ही भानगड इथपर्यंत आली कशी ते बघायला लागेल.

क्यूजीआयएसचा जन्मच मुळात डेटाबेसच्या कनेक्टरमधून झालाय. अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ च्या फेब्रुवारीत काम सुरू केलं, त्यांना लिनक्सवर पटकन चालणारा साधा व्ह्यूअर हवा होता, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये जे पहिलं कच्चं व्हर्जन आलं त्यात फक्त पोस्टजीआयएसच्या, म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशे साठवायला शिकवणाऱ्या जोडणीच्या, लेयर उघडायच्या, बाकी काही नाही, शेपफाइल ही नकाशाची नेहमीची फाइलसुद्धा नाही. आज आपण कनेक्टरला वरून चिकटवलेली सोय समजतो, पण सुरुवात तिथूनच आहे. पोस्टजीआयएस स्वतः त्या वेळी जेमतेम वर्षाचं होतं, कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च कंपनीने २००१ मध्ये ते काढलं. त्याआधी पोस्टग्रेसमध्ये बिंदू आणि पॉलिगॉन (बहुभुज) होते, नव्हते असं नाही, पण त्या पॉलिगॉनला मधे भोक ठेवता यायचं नाही आणि हे आकडे पृथ्वीवर कुठल्या पद्धतीने मोजलेत तेही सांगता यायचं नाही. मात्र १९८६ पासून बर्कलीत पोस्टग्रेस बनवताना बाहेरून नवीन डेटाटाइप घालायची सोय ठेवलेली, तिचा फायदा पंधरा वर्षांनी असा झाला.

आता खरा घोळ. ओजीसी ही नकाशांच्या डेटाची स्टँडर्ड ठरवणारी संस्था १९९४ ची, आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यांनी ‘सिंपल फीचर्स’ नावाचं स्टँडर्ड आणलं, भूमिती, म्हणजे बिंदू-रेषा-आकार, मजकुरात कशी लिहायची, बायनरीत कशी लिहायची, कुठल्या टेबलात कुठला भूमितीचा कॉलम आहे याची नोंद कुठे ठेवायची वगैरे. पण डेटाबेसने पोटात ती कशी साठवायची ते ज्याचं त्याच्यावर सोडलं. मग काय, प्रत्येकाने आपापला संसार मांडला. पोस्टजीआयएसने बायनरीतच कोऑर्डिनेट सिस्टिमचा (जागा मोजायच्या पद्धतीचा) नंबर घुसवला, ओरॅकलने आकड्यांच्या लांबलचक यादीचा ऑब्जेक्ट केला, एसक्यूएल सर्व्हर २००८ ने स्वतःचा वेगळाच फॉरमॅट आणला, त्याच वर्षी आलेल्या स्पेशियालाइट या एका फाइलच्या डेटाबेसने स्वतःचा, आणि २०१४ च्या जिओपॅकेज या फाइल फॉरमॅटने स्टँडर्ड बायनरीच्या पुढे एक छोटं हेडर जोडलं. एवढ्यासाठी प्रत्येक डेटाबेसला वेगळा कनेक्टर लागतो.

यावर कुणी म्हणेल की जीडीएएल हे वेगवेगळे फॉरमॅट वाचणारं टूल आहे ना, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेलं, ते सगळं वाचतं, मग वेगळं कशाला. वाचतं हे खरंय, नुसतं बघायचं असेल तर भागतं. पण लेयर एडिट करायची, ट्रान्झॅक्शन (एकत्र सेव्ह किंवा एकत्र रद्द होणारे बदल) सांभाळायचं, फिल्टर डेटाबेसकडेच पाठवायचा म्हणजे पाच लाख ओळी नेटवर्कवरून ओढाव्या लागत नाहीत, हे नीट हवं असेल तर क्यूजीआयएसच्या आतला कनेक्टरच लागतो. म्हणून एसक्यूएल सर्व्हरचा २०१२ मध्ये आला, ओरॅकलचा २०१३ मध्ये, सॅप हानाचा २०२१ मध्ये. डीबीटूचाही एक आला होता, तो पुढे काढून टाकला. ज्या डेटाबेसचा सर्व्हर कुणाकडेच नाही त्याचा कनेक्टर टेस्ट करणार कोण, हा प्रश्न तिथे आपोआप येतो.

क्यूजीआयएसच्या कोडमध्ये कनेक्टरसाठी एक कॉमन टेस्ट आहे आणि तिचा डेटा बघण्यासारखा आहे, अख्खा टेबल पाच ओळींचा! नावं ऑरेंज, ॲपल, पेअर आणि हनी, पाचव्या ओळीत नावाच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, आणि शेजारच्या कॉलममध्ये मुद्दाम ‘नल’ हा शब्द इंग्रजीत लहान-मोठी अक्षरं मिसळून टेक्स्ट म्हणून लिहिलेला, म्हणजे कनेक्टर रिकामी जागा आणि तो शब्द यांत गोंधळतोय का ते लगेच कळावं. एका ओळीला भूमितीच नाही. ओळी क्रमाने भरलेल्या नाहीत, पाच आधी, मग तीन, मग एक, कारण काही डेटाबेस भरलेल्या क्रमानेच ओळी परत देतात आणि सॉर्टिंग चालतंय असा भास होतो. ऑरेंजचं स्पेलिंग दुसऱ्या कॉलममध्ये मधलंच एक अक्षर कॅपिटल करून ठेवलंय, कारण एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल नेहमीच्या सेटिंगला कॅपिटल-स्मॉल सारखंच धरतात, पोस्टग्रेस धरत नाही. वर प्रत्येक फिल्टर दोनदा चालवतात, एकदा डेटाबेसकडून आणि एकदा क्यूजीआयएसने स्वतः, दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत. पाच ओळींत इतकं बसवणाऱ्याला माझा सलाम आहे, यातली प्रत्येक ओळ कुणाच्या ना कुणाच्या मनस्तापातून आली असणार.

पण त्यातले बिंदू पार उत्तरेला, कॅनडा आणि ग्रीनलंडच्या बाजूला आहेत आणि अक्षरं सगळी इंग्रजी. आपला डेटा घातला की वेगळेच प्रश्न निघतात.

सगळ्यात आधी अक्षांश-रेखांशाचा क्रम. पुणं साधारण १८.५२ उत्तर, ७३.८६ पूर्व. नकाशाची सॉफ्टवेअर्स वर्षानुवर्षं रेखांश आधी, अक्षांश नंतर अशी चालत आली, एक्स आणि वाय म्हणून, पण ईपीएसजी ४३२६ या नेहमीच्या कोऑर्डिनेट सिस्टिमच्या अधिकृत व्याख्येत अक्षांश आधी आहे. बरीच वर्षं सगळ्यांनी तिकडे काणाडोळा केला, मग २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८ ने व्याख्या पाळायला घेतली, २०१९ मध्ये जीडीएएल ३ ने पण, पोस्टजीआयएस मात्र जुन्याच क्रमावर. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर एकाच डेटाबेसात दोन्ही आहेत, मजकुरातून भूमिती बनवली तर रेखांश आधी, पॉइंट बनवायचं फंक्शन वापरलं तर अक्षांश आधी. आता हा क्रम उलटला तर पुणं कुठं जातं? नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडच्या जरा खाली, थेट समुद्रात. आणि एरर येत नाही, कारण ७३.८६ हा अक्षांश म्हणूनही चालून जातो, नव्वदच्या आत आहे ना. मुंबई, नागपूर, दिल्ली, अगदी कोलकात्यापर्यंत हीच गत. गुवाहाटीचा रेखांश ९१ च्या पुढे, तिथला डेटा टाकला तरच डेटाबेस ओरडायची शक्यता. म्हणून मी तर म्हणेन टेस्टच्या टेबलात एक बिंदू शनिवारवाड्याचा ठेवा आणि एक गुवाहाटीचा, दोन्ही लागतात.

दुसरं देवनागरी. शेपफाइलमध्ये कॉलमच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. म्हणजे ‘वॉर्ड’ एवढासा शब्द पंधरा बाइट, बसतच नाही, मधेच कापला की पुढे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं. पोस्टग्रेसमध्ये कॉलमच्या नावाला ६३ बाइट आहेत, म्हणजे एकवीस चिन्हं, निदान श्वास घेता येतो. एसक्यूएल सर्व्हरची तऱ्हा अजून वेगळी. कॉलम एनव्हारचार (कुठल्याही लिपीचा मजकूर साठवणारा टाइप) असेल तर मराठी नीट साठतं, पण क्वेरीत ‘कोथरूड’च्या अवतरणाआधी एन हे अक्षर लावायला लागतं, नाही लावलं तर नेहमीच्या सेटिंगला कोथरूडचं तिथेच प्रश्नचिन्हांत रूपांतर होतं आणि फिल्टरला शून्य ओळी मिळतात. कनेक्टर तो एन लावतो की नाही हे ऑरेंज आणि ॲपल घालून आयुष्यात कळणार नाही. लेयर दिसते, लेबलं मराठीत सुंदर उमटतात, फक्त फिल्टर लावला की सगळं गायब.

पॉलिगॉनची दिशा हा त्याहून छुपा प्रकार. शेपफाइलमध्ये बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने काढायची असते, एसक्यूएल सर्व्हरच्या जिओग्राफी (गोल पृथ्वीवर मोजणाऱ्या) टाइपमध्ये बरोबर उलट, कड चालताना डाव्या हाताला जे येतं ते आतलं. कनेक्टरने दिशा न बदलता कात्रजचा प्रभाग तसाच ढकलला तर डेटाबेसच्या मते तो प्रभाग म्हणजे कात्रज सोडून उरलेली सगळी पृथ्वी! २००८ च्या व्हर्जनमध्ये अर्ध्या गोलापेक्षा मोठा आकार चालायचाच नाही म्हणून निदान एरर तरी यायची, २०१२ पासून तो बिनबोभाट स्वीकारला जातो. सुधारणा म्हणायची ही.

मायएसक्यूएलची जुनी कथा थोडक्यात. ५.६ च्या आधी दोन आकार एकमेकांना छेदतात का हे विचारलं की ते खरे आकार बघायचंच नाही, त्यांच्याभोवतीचे आयत बघायचं. मुठा नदी खडकवासल्याकडून वळणं घेत शहरात येते, तिच्याभोवतीच्या आयतात पर्वतीची टेकडीसुद्धा बसेल, म्हणजे टेकडी नदीला लागून आहे असं उत्तर. आयताची युक्ती चुकीची नाहीये बरं का, १९८४ च्या आर-ट्री या पद्धतीपासून बहुतेक स्पेशियल इंडेक्स (पटकन शोधायच्या याद्या) तसेच चालतात, आधी आयताने चाळायचं आणि मग खरा आकार तपासायचा. दुसरी पायरी कनेक्टर कुणाच्या भरवशावर सोडतोय एवढं बघून ठेवायचं.

मग टेस्टला डेटा कुठला घ्यायचा, तर पुणे महापालिकेची हद्द यासाठी अगदी फर्मास आहे. २०१७ मध्ये ११ गावं आत आली, २०२१ मध्ये अजून २३, आणि २०२४ मध्ये उरुळी देवाची आणि फुरसुंगी परत बाहेर काढली गेली. पुणे कॅन्टोन्मेंट महापालिकेत नाही, त्यामुळे आकारात मधेच भोक नाहीतर खाच, आणि जुन्या-नव्या हद्दी एकाच टेबलात ठेवल्या तर एकावर एक येणारे मल्टीपॉलिगॉन (अनेक तुकड्यांचे आकार) आपोआप मिळतात. क्षेत्रफळ मोजायला यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी पद्धत, म्हणजे ईपीएसजी ३२६४३, पुणं त्याच पट्ट्यात येतं. तीच लेयर एकदा जिओपॅकेजमधून आणि एकदा नव्या कनेक्टरमधून उघडायची, दोन्हीकडे क्षेत्रफळ काढायचं, भोक बुजलेलं असलं किंवा एखादा तुकडा गळला असला की तिथेच पकडलं जातं. रस्ते आणि इमारती हव्या असतील तर ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा भारताच्या वेस्टर्न झोनचा डेटा आहेच, त्यात मराठी नावंही सापडतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या डेटावरचे निर्बंध बरेच सैल केले, तेव्हापासून असले प्रयोग करताना परवानगीच्या नावाने पोटात गोळा येत नाही हेही आहे.

एक राहिलं, व्ह्यू, म्हणजे क्वेरीतून बनणारं आभासी टेबल. क्यूजीआयएसला प्रत्येक ओळीला न बदलणारा नंबर लागतो, टेबलात त्यासाठी प्रायमरी की असते, व्ह्यूमध्ये नसते, म्हणून काही कनेक्टर विचारतात की कुठला कॉलम की म्हणून धरू, काही विचारत नाहीत आणि स्वतःच एक दोन तीन मोजत सुटतात. मग तुम्ही बाणेरचा प्रभाग सिलेक्ट करता, लेयर रिफ्रेश होते, आणि सिलेक्शन औंधवर गेलेलं असतं. व्ह्यूवर सिलेक्ट करून, नकाशा झूम करून, परत येऊन बघा, आणि बग टाकताना क्यूजीआयएस आणि डेटाबेस दोन्हींचं व्हर्जन, टेबल बनवायची क्वेरी आणि चार-पाच ओळींचा डेटा जोडा, नुसता ‘चालत नाही’ असा स्क्रीनशॉट पाठवला तर समोरचा काही करू शकत नाही.