ऊन कितीही तापलं तरी ब्रश धुवावाच लागतो
उन्हाळी लग्नसराई आली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या पार्लरमध्ये हमखास ऐकू येतं: आपल्याकडचं ४५ अंशांचं ऊन म्हणजे औषधच, ब्रश-कंगवे दुपारभर अंगणात ठेवले की धुवायची गरज नाही. हे खरं नाही. उन्हाने काही जंतू मरतात, पण ते थेट पोहोचतं तिथलेच. ब्रशच्या केसांच्या मुळाशी साचलेलं फाउंडेशन, चेहऱ्याचं तेल, मेलेली त्वचा तशीच राहते आणि जंतू त्याच्याच आड तग धरतात.

रोजच्या वापरातला फाउंडेशनचा ब्रश बोटांनी फाकवून बघा, आत चिकट थर दिसेल. तो कोमट पाणी आणि शाम्पूनेच निघतो. धुताना ब्रशचे केस खालच्या बाजूला धरा. पाणी दांडीजवळच्या पत्र्यात शिरलं की आतला गोंद सुटतो आणि ऐन मेकअपच्या वेळी केस नवरीच्या गालावर गळतात. मग सावलीत आडवा वाळवा.

उवांची शंका असेल तर कंगवा किमान ५४ अंश गरम पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवा. स्ट्रेटनर मात्र प्लग काढून, थंड झाल्यावर ओलसर फडक्याने पुसायचा. आणि नवरीचा ब्रश न धुता करवलीला लावू नका, कितीही घाई असली तरी.