चाक सुधारलं, पडण्याचा वेग तोच

एकचाकी सायकल चालवणाऱ्या जुन्या मंडळींची एक तक्रार असते आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आम्ही शिकलो तेव्हा सीट टणक होती, क्रँक, म्हणजे पेडल आणि चाकाचा आस जोडणारे दांडे, सारखे ढिले व्हायचे, टायर अरुंद असायचे. आता मऊ, अंगाच्या वळणाची सीट आली, रुंद टायर आले, हलकी फ्रेम आली, ब्रेक आले, गिअरसुद्धा आले. मग अशा सायकलवरून कुणी डोंगर उतरला, तर त्यात माणसाचं किती आणि सायकलचं किती? कष्ट गेले की समाधानही जातं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही आणि त्याचं कारण या यंत्राच्या भौतिकशास्त्रातच आहे.

साध्या एकचाकीत पेडल थेट चाकाच्या आसाला जोडलेलं असतं. मध्ये साखळी नाही, पाय थांबवून चाक फिरू देणारं फ्रीव्हील नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. पुढे-मागे तोल सांभाळायचं सगळं काम याच जोडणीतून चालतं. अंग पुढे झुकलं की पेडलवर जोर देऊन चाक अंगाखाली आणायचं, मागे झुकलं की पेडल रोखून धरायचं. डावी-उजवीकडे चाक सरकवता येत नाही. म्हणून ज्या बाजूला तोल जातोय त्या बाजूला कमरेतून वळून चाकाचं तोंड तिकडे करायचं. ही दोन्ही कामं एकाच वेळी आणि क्षणभरही न थांबता करावी लागतात.

तळहातावर उभी तोललेली काठी आणि एकचाकीवरचा माणूस यांचं गणित एकच आहे. त्याला उलटा लंबक म्हणतात. असा लंबक किती वेगाने कलंडेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं : गुरुत्वमध्याची उंची आणि पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण. उंचीला गुरुत्व त्वरणाने भागून वर्गमूळ काढलं की कलंडण्याच्या वेगाचं माप देणारा काळ मिळतो. सायकलवर बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १ मीटरवर धरला, तर हा काळ सुमारे ०.३२ सेकंद येतो. याच्या सुमारे ०.७ पट वेळात झोक दुप्पट होतो, म्हणजे सुरुवातीचा छोटासा झोक दर ०.२२ सेकंदाला दुप्पट होत जातो. डोळ्यांनी काही पाहून हात-पाय हलवायला माणसाला जवळजवळ तितकाच, साधारण ०.२ सेकंद वेळ लागतो. बघून सावरू म्हटलं, तर सावरायला सुरुवात करेपर्यंत झोक दुप्पट झालेला असतो.

त्यामुळे एकचाकी बघून चालवता येत नाही. आतल्या कानातली तोलाची इंद्रियं, घोट्यातल्या आणि पाठीच्या स्नायूंतल्या संवेदना, आणि या सगळ्यावरून पुढच्या क्षणाचा अंदाज बांधणारा लहान मेंदू, यांनी मिळून ते काम करायचं असतं. शिकणाऱ्याचे सुरुवातीचे दिवस हा अंदाज घडवण्यात जातात. वरच्या गणितात फ्रेमचा धातू नाही, सीटचा फोम नाही, किंमत तर नाहीच. सायकल कितीही भारी आणा, झोक ०.२२ सेकंदालाच दुप्पट होणार. त्यात बदल होतो तो फक्त उंचीमुळे, आणि तो बघणाऱ्याच्या कल्पनेच्या अगदी उलट असतो. खूप उंच, साखळीवर चालणारी ‘जिराफ’ जातीची एकचाकी दिसायला भयंकर असते, पण तिच्यावरचा माणूस कलंडतो हळू. वर चढणं आणि तिथून पडणं अवघड, हे मात्र खरं.

मग चांगल्या सायकलने नेमकं काय बदलतं? ढिल्या क्रँकचंच पाहू. क्रँक आणि आस यांच्यात काही अंशांची मोकळी चाल असली, तर पायाचा जोर पुढचा मागे पलटताना एक क्षण चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. नियंत्रणशास्त्रात ही नेहमीची डोकेदुखी आहे. अशी मोकळी चाल असलेली यंत्रणा एका जागी स्थिर होत नाही, मागे-पुढे डोलत राहते. शिकणाऱ्याला वाटतं, आपल्यालाच जमत नाही. आणखी एक नुकसान होतं, ते डोळ्यांना दिसत नाही. लहान मेंदू शिकतो तो अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या फरकावरून. तेवढाच जोर कधी पोहोचतो, कधी उशिरा पोहोचतो, असं झालं की तो फरक चालवणाऱ्याच्या चुकीचा की सायकलच्या, हे मेंदूला कळायला मार्ग नाही. टोचणाऱ्या सीटचंही तसंच. सीट टोचली की माणूस पेडलवर उभा राहतो, सगळं वजन पायांवर येतं, आणि तोलाची बारीक कामं करायला पाय मोकळेच राहत नाहीत. नवशिक्याला ‘वजन सीटवर टाक’ असं पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते याचसाठी. अशा कष्टांतून अंगात काही मुरत नाही. ते गेले तर मला त्यांचं जराही वाईट वाटत नाही.

हालचालींचं शिक्षण अभ्यासणारे मार्क ग्वाडग्नोली आणि टिमथी ली यांनी २००४ साली एक उपयोगी भेद मांडला. कामाची स्वतःची एक अवघडता असते, आणि त्याच कामाची, विशिष्ट माणसासाठी विशिष्ट वेळी असलेली अवघडता ही वेगळी गोष्ट असते. शिकणं सर्वांत चांगलं होतं ते या दुसऱ्या अवघडतेच्या एका मधल्या टप्प्यावर, आणि कौशल्य वाढेल तसा तो टप्पा वर सरकतो. त्याच्या कितीतरी आधी, १९७०च्या दशकात, मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानेही गिर्यारोहक, बुद्धिबळपटू अशांशी बोलून असंच काहीसं ओळखलं होतं : आव्हान आणि कौशल्य एकमेकांच्या तोडीचे असले की माणूस कामात पार बुडून जातो. आव्हान फार झालं की धास्ती वाटते, कमी पडलं की कंटाळा येतो. यातून मी असं समजतो की समाधान कष्टांच्या बेरजेवर मोजता येत नाही. चांगल्या सायकलने आव्हान खाली आलं, तर ते पुन्हा वर नेणं चालवणाऱ्याच्या हातात असतं आणि बहुतेक जण ते नेतातच.

डोंगरातल्या एकचाकीचं असंच झालं. जुन्या चौकोनी टोकाच्या आसांवरचे क्रँक उंचावरून उडी मारली की वाकायचे, ढिले व्हायचे किंवा तुटायचे. कॅनडाच्या क्रिस होम यांच्यासारख्या लोकांनी खाचा असलेले जाड आस आणि मजबूत क्रँक वापरात आणले. होम यांनी १९९९ साली स्वतःच्या नावाने एकचाकी बाजारात आणायला सुरुवात केली. त्यानंतर लोक आरामात फिरू लागले का? मुळीच नाही. ते खडकांवरून उड्या मारू लागले, कठड्यांवर चढू लागले, झाडांच्या मुळांनी भरलेल्या उतारांवर गेले. जिथे आधी सायकल हार मानायची, तिथे आता माणसाची हद्द लागू लागली.

मोठ्या चाकांचा आणि गिअरचा भाग तर याहून गमतीचा आहे. २० इंची चाक एका फेऱ्यात सुमारे १.६ मीटर जातं, ३६ इंची चाक सुमारे २.९ मीटर. मिनिटाला १०० फेरे मारले, तर ताशी वेग अनुक्रमे साडेनऊ आणि सव्वासतरा किलोमीटरच्या आसपास पडतो. स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मध्यभागी, ग्रहमालेसारखी दातेरी चाकं असतात, आणि टाचेने आसाच्या टोकाचं बटण दाबलं की चाक पायाच्या सुमारे दीडपट फिरतं. म्हणजे ३६ इंची चाकावर ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर.

आता याची किंमत पाहा. ७० किलोचा माणूस ३ अंश पुढे झुकला, तर त्याला धरून ठेवायला जमिनीवर सुमारे पावणेचार किलो वजनाइतका जोर लागतो. २० इंची चाक आणि १२५ मिलिमीटरचा क्रँक असेल, तर त्यासाठी पेडलवर साडेसात किलो पुरतात. ३६ इंची चाकावर १५० मिलिमीटरच्या क्रँकने सुमारे ११ किलो लागतात, आणि त्याच सायकलवर गिअर टाकला की जवळजवळ १७. क्रँक उभ्या रेषेत आले की कितीही दाबा, चाकाला काहीच मिळत नाही. त्यात दात्यांमध्ये थोडी मोकळी चाल असतेच, म्हणजे ढिल्या क्रँकचा जुना त्रास इथे परत येतो. एकचाकीच्या सुट्या भागांतल्या महागड्या वस्तूंपैकी हा गिअरचा हब एक, आणि सायकल चालवायला सर्वांत अवघड करणाऱ्या वस्तूंपैकीही एक.

तक्रारीत तथ्य आहे ते दोन माणसांची तुलना करताना. सायकलिंगमधल्या एका तासाच्या विक्रमाची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९६ साली क्रिस बोर्डमनने हात पुढे ताणलेल्या खास बैठकीत तासाभरात ५६.३७५ किलोमीटर कापले. २००० साली सायकलिंगच्या जागतिक संघटनेने जुन्या पद्धतीच्या सायकलसाठी वेगळा विक्रम ठेवला. त्याच वर्षी बोर्डमनने तशा सायकलवर ४९.४४१ किलोमीटर केले. १९७२ साली एडी मेर्क्सने केले होते ४९.४३१. फरक फक्त १० मीटरचा! एकचाकीच्या ट्रॅक शर्यतींतही म्हणूनच २४ इंची गटात टायरचा बाहेरचा व्यास जास्तीत जास्त ६१८ मिलिमीटर आणि क्रँक किमान १२५ मिलिमीटर असा नियम असतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींत मात्र मोकळा गटही ठेवतात. ही सोय मला योग्य वाटते.

आणि एक सीमा खरोखर आहे. विजेवर चालणाऱ्या एकचाकी वाहनात संवेदक झोक मोजतात आणि मोटर चाक अंगाखाली आणते. पुढे-मागे तोलायचं काम यंत्राने घेतलं, चालवणाऱ्याकडे उरलं ते मुख्यतः डावं-उजवं. प्रवासासाठी ते वाहन उत्तम असेल, पण तो वेगळाच खेळ आहे. जपानच्या मुराता कंपनीने २००८ साली एकचाकी चालवणारा लहानसा यंत्रमानव दाखवला, त्याच्या पोटातली फिरती तबकडी बाजूचा तोलही सांभाळत होती. उपकरणाने जोर वाढवला, टिकाऊपणा दिला, त्रास कमी केला, तर माझी हरकत नाही. ते पडण्याचा अंदाज चालवणाऱ्याच्या जागी स्वतः बांधू लागलं, तर शिकण्यासारखं जे होतं तेच गेलं.

तेव्हा नव्याने शिकणाऱ्याने घट्ट बसलेले क्रँक, न टोचणारी सीट आणि २० इंची चाक खुशाल घ्यावं. पुढे कधी सपाट रस्ता सोपा वाटू लागला, तर काही क्रँकना पेडलसाठी दोन भोकं असतात, एक १५० मिलिमीटरवर आणि दुसरं १२५ च्या आसपास. पेडल काढून आतल्या भोकात बसवायला पाना आणि काही मिनिटं पुरतात, आणि त्याच झोकाला पायाचा जोर एकदम वीस टक्क्यांनी जास्त लागू लागतो.